न धुतलेला गाऊन

माझ्या नाकावर राग असतो, हे मला कोणी वेगळं सांगायला नको. पण नवऱ्याच्या पहिल्या बायकोचा कुत्रा जिच्या घरात येऊन राहतो, तिच्या नाकावर दुसरं काय असणार?

तसा कुत्रा दोघांचा. त्यांचं लग्न होतं तेव्हा दोघांनी मिळून आणलेला. लग्न मोडलं तेव्हा भांडी वाटली, पुस्तकं वाटली. कुत्रा काही वाटता येईना, म्हणून तो पहिलीकडे राहिला. यांच्या पहिल्या बायकोला मी मनातल्या मनात ‘पहिली’च म्हणते. चार वर्षं तो तिच्या रोपवाटिकेत कुंड्यांमधून लोळला, एक मिनिट एकटा राहिला नाही. मग रोपवाटिका बंद पडली, तिने एका मोठ्या बागेत नोकरी धरली आणि दिवसभर कुत्र्याजवळ कोणी उरलं नाही. तिने यांना फोन केला, “चार वर्षं मी सांभाळला, आता तुझी पाळी.” हे फोन हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, “आणा की!” का म्हटलं, विचारू नका. मन मोठं आहे हे दाखवायची खाज, दुसरं काय.

नाव ढब्बू. नऊ वर्षांचा, तपकिरी, एक कान उभा, एक पडलेला. आला तेव्हा त्याने सगळं घर हुंगलं, सोफ्याखाली गेला, पलंगाखाली गेला, आणि दारापाशी जाऊन बसला. चुकीच्या घरी आलोय, आता निघू या, असा चेहरा. मी पाणी ठेवलं तर माझ्याकडे न बघता प्यायला. वास्तविक माझं घर बघून लोक चपला दाराबाहेर आणखी दोनदा झटकतात. मी लाँड्री चालवते, वीस वर्षं झाली. माझ्या घरात डाग टिकत नाही.

हे लिफ्ट दुरुस्त करतात. सकाळी आठला आम्ही दोघंही घराबाहेर. लाँड्री घरापासून दोन गल्ल्या पलीकडे आहे, पण तिथे कुत्रा न्यायची सोय नाही. एकतर वाफ आणि तापलेल्या इस्त्र्या, आणि पांढऱ्या शर्टावर एक तपकिरी केस दिसला की गिऱ्हाईक जन्मभर लक्षात ठेवतं. म्हणून पहिल्या दिवशी आम्ही त्याला खायला घातलं, “शहाण्यासारखा राहा हं” म्हटलं आणि दार ओढून घेतलं.

संध्याकाळी जिन्यातच खालचे काका भेटले. निवृत्त संगीतशिक्षक, सभ्य माणूस. म्हणाले, “वहिनी, सकाळी मला वाटलं कोणी नवीन वाद्य आणलंय. मग दोन तासांनी कळलं, कुत्रा आहे. एकाच सुरात रडतो हो! मधे श्वास कधी घेतो कोण जाणे.” मी हसले. वर जाऊन बघते तर दाराचा रंग खालून वीतभर खरवडलेला आणि माझी पायपुसणी चिंध्या झालेली. मग हसू कुठचं यायला.

आठ दिवसांत सोसायटीचं पत्र आलं. महिनाअखेरपर्यंत कुत्रा गप्प राहायला शिकला नाही, तर त्याची दुसरीकडे सोय करा. यांनी पत्र वाचलं, घडी घातली आणि शांतपणे म्हणाले, “नाहीच जमलं तर तिच्याकडे परत ठेवू. ती दिवसभर कामावर असते, तर मी दुपारच्या सुट्टीत रोज जाऊन तासभर बसेन त्याच्याजवळ. ती किल्ली देईल मला.”

किल्ली! रोज दुपारी माझा नवरा त्या बाईच्या घराची किल्ली लावून आत जाणार, तिच्या खुर्चीवर बसणार, तिच्या कपातून पाणी पिणार, आणि मी इथे लोकांच्या कॉलरी घासत बसणार. त्या क्षणी मी ठरवलं, हा कुत्रा इथेच राहील आणि गप्प राहील. कुत्र्याच्या प्रेमापोटी नाही. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी मी लाँड्रीला अर्धा दिवस सुट्टी दिली आणि ढब्बूला घेऊन प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी मला एकूण एक समजावून सांगितलं. तुम्ही गेलात की परत येता, हेच त्याला माहीत नाही. ते शिकवायचं. आधी एक मिनिट जायचं, परत यायचं. मग दोन मिनिटं, मग पाच. जाताना लाड नाहीत, निरोप नाही. आल्यावरही गळ्यात पडायचं नाही, जसं काही घडलंच नाही. किल्ल्या उचलायच्या आणि परत ठेवायच्या. चपला घालायच्या आणि कुठेच जायचं नाही. म्हणजे त्या आवाजाची त्याची भीती मोडेल.

झालं! आम्ही नवरा-बायको रोज संध्याकाळी पायात चपला आणि खांद्याला पिशव्या अडकवून सोफ्यावर बसायला लागलो. मधूनच हे किल्ल्या वाजवायचे. मधूनच मी दाराबाहेर जाऊन जिन्यात उभी राहायची, घड्याळ बघत. काकांनी एकदा विचारलं, “वहिनी, भांडण झालं का?” मी म्हटलं, “नाही हो, अभ्यास चाललाय.” घरातल्या कपाटावर जुना फोन ठेवला होता, त्याच्या कॅमेऱ्यातून लाँड्रीत बसून ढब्बू दिसायचा. दिसायचा काय, रडायचाच. चार मिनिटांवर गाडी जी अडली, ती पुढे सरकेना.

मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “त्याच्या विश्वासाच्या माणसाचा अंगातला कपडा ठेवा अंथरुणात. न धुतलेला.” विश्वासाचं माणूस कोण, हे कोणी उच्चारलं नाही. दुसऱ्या दिवशी हे कामावरून येताना एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आले. आत बायकी स्वेटर, मोरपंखी रंगाचा. “तिच्याकडून आणला,” म्हणाले, आणि बूट काढायला खाली वाकले ते बराच वेळ वाकलेलेच.

स्वेटर मी हातात घेतला. वीस वर्षांची सवय, कपडा हातात आला की तो बोलतो. बाहीवर आडवी घडी होती, आणि घडीवर रंग किंचित उतरलेला. इतकी पक्की घडी एका दिवसाची नसते. हे माझ्या डोळ्यांनी टिपलं. डोक्याने नाही टिपलं, कारण डोकं तेव्हा पेटलं होतं. माझ्या घरात, माझ्या फरशीवर, तिच्या अंगाचा वास! डॉक्टरीणबाईंनी बजावलं नसतं तर तो स्वेटर मी चिमट्याने उचलून खिडकीबाहेर टाकला असता.

ढब्बूने तो हुंगला. आधी लांबून, मग जवळून, मग नाक पूर्ण आत खुपसून. दोन गिरक्या घेतल्या आणि त्यावर अंगाचं मुटकुळं करून असा काही सुस्कारा सोडला, की मला रडू यायचं बाकी राहिलं. दुसऱ्या दिवशी वीस मिनिटं गप्प. चौथ्या दिवशी चाळीस. आठव्या दिवशी दीड तास. काका जिन्यात म्हणाले, “वहिनी, आज अगदी चुकल्यासारखं वाटलं.” सगळे खूश. मी सोडून.

कारण मी काय केलं नव्हतं त्याच्यासाठी? दोन वेळा फिरवत होते, खायला घालत होते, त्याचं अंथरूण रोज धूत होते, फरशी जंतुनाशकाने रोज पुसत होते. आणि शहाणा झोपायचा कुणावर डोकं ठेवून? तिच्या बाहीवर. त्यातून एके संध्याकाळी मी भाजी चिरत होते, आणि बघते तर हे ढब्बूजवळ जमिनीवर बसलेत. एका हाताने त्याला थोपटतायत. दुसरा हात स्वेटरवर. बाही नीट करत होते, सुरकुती सरळ करत होते. चेहऱ्यावर असं काही, जे मी सहा महिन्यांच्या ओळखीत आणि तीन वर्षांच्या संसारात कधी पाहिलं नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो स्वेटर पिशवीत घातला आणि लाँड्रीत नेला. ढब्बूला त्या दिवशी खालच्या काकांकडे ठेवलं, “जरा बदल त्याला” म्हणून. आणि धुतला. उकळत्या पाण्यात टाकून आकसवणार होते, खरं सांगते. पण हात ऐकेनात. लोकर आहे म्हटल्यावर हातांनी आपणहून गार पाणी घेतलं, सौम्य साबण घेतला, न पिळता टॉवेलात गुंडाळून दाबलं, सपाट वाळवलं आणि लांबून वाफ दिली. संध्याकाळी नव्यासारखा दिसत होता. जळफळाटातसुद्धा काम चोख, याचा मला मेलीला त्या वेळी अभिमानही वाटला. घरी येऊन तसाच्या तसा अंथरुणात ठेवून दिला. बघणाऱ्याला काही कळलं नसतं.

बघणाऱ्याला. हुंगणाऱ्याला कसं फसवणार? दुसऱ्या दिवशी दहा वाजता लाँड्रीत फोनवर पाहिलं, तर ढब्बू स्वेटर उकरत होता. उलटा केला, सुलटा केला, नाक घातलं, बाहेर काढलं. मग दारापाशी गेला आणि मान वर करून जे सुरू झाला ते थांबेचना. नख्यांनी दार खरवडलं, पंज्यातून रक्त आलं. माझ्या हातात इस्त्री होती, ती मी खाली ठेवली आणि तशीच धावत सुटले. दोन गल्ल्या संपता संपेनात. दार उघडलं तर तो माझ्या पायांवर पडला आणि थरथरत राहिला. मी त्याचा पंजा पुसत होते आणि स्वतःला लाखोल्या वाहत होते. त्याने माझं काय वाकडं केलं होतं हो?

यांनी पट्टी बांधलेला पंजा पाहिला. “परवापर्यंत तर छान राहत होता,” म्हणाले. “कुठे बिनसलं?” मी पट्टीची गाठ पुन्हा बांधत बसले. थोड्या वेळाने म्हणाले, “जाऊ दे. त्याचे हाल नको. रविवारी सोडून येतो तिच्याकडे.”

म्हणजे किल्ली. म्हणजे रोजची दुपार. आणि हे सगळं माझ्याच हाताने.

शनिवारी मी पत्ता शोधत पहिलीच्या घरी गेले. तिच्या दारात जायचं म्हणजे माझ्या जिवावर आलं होतं, पण तिचा आणखी एक न धुतलेला कपडा मिळाल्याशिवाय इलाज नव्हता. दार तिनेच उघडलं. उंच, सावळी, नखांत माती, अंगात पुरुषी शर्ट. त्या शर्टावर झाडाच्या चिकाचे डाग, जे कशानेही जात नाहीत. आणि तरीही बया देखणी! मी मुद्दाम इस्त्रीची साडी नेसून गेले होते, ती मला एकदम मूर्खपणाची वाटली.

“या, बसा,” ती म्हणाली. “माती आहे, सांभाळा हं. ढब्बू बरा आहे ना?”

मी एका दमात सांगून टाकलं. “बरा नाही. तुम्ही दिलेला स्वेटर माझ्याकडून धुतला गेला. दुसरा काहीतरी अंगातला कपडा द्याल का, म्हणून आलेय.”

“कुठला स्वेटर?”

“मोरपंखी.”

ती खुर्चीवर बसली. “मोरपंखी तुमच्याकडे आहे? अहो, चार वर्षं शोधतेय मी तो! या घरात येताना सगळी खोकी उपसली. पिल्लू असताना ढब्बूला त्यातच गुंडाळून आणला होता आम्ही. त्याचं पहिलं अंथरूण ते. मी नाही दिला कोणाला.”

मला आधी कळेना. मग ती बाहीवरची घडी डोळ्यांसमोर आली, रंग उतरलेली. चार वर्षांची घडी. त्यातली तीन वर्षं तो स्वेटर माझ्याच घरात होता. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, यांच्या हत्यारांच्या पेटीत म्हणा, कपाटाच्या माथ्यावर म्हणा. आणि मी त्या घरात एकही डाग ठेवला नाही म्हणून मिरवत होते.

माझ्या तोंडावरचा रंग उडालेला तिला दिसला असणार. तिने पाणी दिलं. मग म्हणाली, “एक बोलू? रागावू नका. तुम्ही आत आलात ना, तर साबणाचा वास आला. फक्त साबणाचा. तुमचा असा काही आलाच नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे तुमच्या घरात रोज सगळं धुतलं जात असेल. त्याचं अंथरूणसुद्धा?”

“रोज,” मी म्हटलं. अजूनही थोडा तोरा होता आवाजात.

“तो नाकाने जगतो हो. तुम्ही गेलात की त्याच्या हिशेबी त्या घरात कोणी राहतच नाही. रोज सकाळी रिकामं घर. मीसुद्धा रडले असते.” तिने अंगातला तो डागाळलेला शर्ट काढला, आत बनियन होता, आणि माझ्यापुढे धरला. “हा न्या. चार दिवस अंगात आहे.”

माझा हात पुढे झाला होता. तो शर्ट नेला असता तर ढब्बू सोमवारपासून गप्प बसला असता, पत्राचं काम झालं असतं, किल्लीचं संकट टळलं असतं. पण मग माझ्या घरात कोण राहतं, याचं उत्तर त्या कुत्र्यापुरतं तरी कायमचं ठरलं असतं.

“नको,” मी म्हटलं. “माझा आहे गाऊन.”

घरी आल्यावर मी यांच्यासमोर उभी राहिले. “तिने दिला नव्हता तो.” यांनी वर पाहिलं आणि पुन्हा खाली. मी म्हटलं, “धुतला मी तो. जळून धुतला. माझं मी सांगितलं, आता तुमचं बोला.” मग म्हणाले, “तिचा म्हणून नव्हता ठेवला. ढब्बू तिच्याकडे गेला, मला त्याचं काहीतरी हवं होतं. नंतर तुला सांगायची वेळ निघून गेली.” मी अर्ध्यावर विश्वास ठेवला. उरलेल्या अर्ध्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. “ढब्बूला उद्या न्यायचं नाही,” एवढंच म्हटलं. “महिनाअखेरपर्यंत तो माझा.”

स्वेटर मी लाँड्रीत नेऊन शेवटच्या दांडीवर टांगला, जिथे गिऱ्हाइकांनी न नेलेले कपडे असतात. आणि घरात एक जुना फुलाफुलांचा गाऊन घातला, तो काढला नाही. त्यातच स्वयंपाक, त्यातच झोप. तिसऱ्या दिवशी माझं मलाच किळसवाणं वाटलं. बाही बघून हात शिवशिवायचे, बादलीपर्यंत जाऊन परत यायची. जंतुनाशक बंद, अंथरूण धुणं बंद. रोज दुपारी लाँड्री तासभर बंद ठेवून घरी यायचं, दार ओढायचं, जिन्यात उभं राहायचं. एक मिनिट. दोन मिनिटं. ‘आले हं’ म्हणायचं नाही, कुरवाळायचं नाही. संध्याकाळी पुन्हा तेच; हे बघायचे आणि आपल्या चपला घालून सोफ्यावर बसायचे.

पाचव्या दिवशी गाऊन अंथरुणात घातला. ढब्बूने हुंगला, मग वर माझ्याकडे पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदा त्याने मला नीट पाहिलं असं मला वाटलं. दहा मिनिटं गप्प राहिला. मग तीस. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी मी लाँड्रीत फोन उभा करून ठेवला आणि सकाळपासून चार शर्ट बिघडवले. ढब्बू पावणेतीन तास गाऊनवर पडून होता. दोनदा कूस बदलली, एकदा पाणी प्यायला. काकांनी सोसायटीला स्वतः लिहून दिलं, की वरच्या मजल्यावरचं वाद्य बंद झालं आहे.

राहिला स्वेटर. रविवारी सकाळी मी तो कागदात बांधून यांच्या हातात दिला. “ज्याचा आहे त्याला नेऊन द्या.”

“तू येतेस?”

“नाही.”

“तास लागेल जाऊन यायला.”

जाताना निरोप द्यायचा नाही, हा नियम आहे. दार लागलं. ढब्बूने डोकं उचललं, कान टवकारला तोच एक, आणि डोकं परत गाऊनवर टेकवलं.

मी दारापाशीच उभी होते. लिफ्ट खाली गेल्याचा आवाज आला. मग खिडकीशी गेले, हे कोपऱ्यावर वळेपर्यंत. पाच मिनिटं. मग किल्ल्या उचलल्या, परत ठेवल्या. वीस मिनिटं झाली, आता पोचले असतील. आता तिने दार उघडलं असेल, ‘ये, बस’ म्हटलं असेल, कागद सोडला असेल, बाहीवर हात फिरवला असेल. पस्तीस मिनिटं. ढब्बू घोरत होता. मी धुवायला काहीतरी हवं म्हणून मशीनजवळ गेले, टोपलीत यांचा कालचा शर्ट होता, ग्रीसचा आणि घामाचा. मशीनचं झाकण उघडलं. आणि तो शर्ट घेऊन मी दारासमोर जमिनीवर बसले, ढब्बूच्या शेजारी. नाकाला लावला. तास झाला. तासावर दहा मिनिटं झाली.

किल्ली फिरली. ढब्बू उठला, शेपूट हलवत गेला, हुंगून परत आला. मी उठले नाही. आल्यावर गळ्यात पडायचं नाही. यांच्या हातांकडे पाहिलं, रिकामे होते.

हे चपला काढून माझ्याजवळ आले आणि माझ्या मांडीवर बघितलं. “हा धुवायचा राहिला का?”

“राहू दे,” मी म्हटलं.